शेवटापासून सुरुवात: ल्यूथरन उपासनेतील ऑक्टोबरअखेर ते एपिफनी या दहा आठवड्यांची आखणी

ल्यूथरन मंडळीचे उपासनावर्ष नोव्हेंबरच्या अखेरीस संपते आणि पुढच्याच रविवारी नवे वर्ष सुरू होते. संपणाऱ्या वर्षाचे शेवटचे रविवार मृत्यू, न्याय आणि प्रभूचे पुन्हा येणे यांविषयी बोलतात. नव्या वर्षाचा पहिला रविवारही नेमके तेच बोलतो. गोठ्यातले बाळ फार नंतर येते. उपासनेची आखणी करणाऱ्याने ही एक गोष्ट नीट मनात धरली, तर धर्मसुधारणा दिनापासून एपिफनीपर्यंतचे (६ जानेवारी, मागी लोकांच्या भेटीचा सण) दहा आठवडे सुटेसुटे सण न राहता एकाच वाटेवरचे टप्पे होतात. धरली नाही, तर प्रत्येक रविवारी नव्याने विषय शोधावा लागतो आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून नाताळची गाणी सगळे काही व्यापून टाकतात.

हा लेख मुख्यतः परदेशातील किंवा भारतातील ल्यूथरन मंडळीत जाणाऱ्या आणि तेथील उपासना समितीत काम करणाऱ्या मराठी भाषकांसाठी आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांचा वारसा अमेरिकन मराठी मिशन, स्कॉटिश, अँग्लिकन आणि मेथडिस्ट कार्याचा आहे. भारतातले ल्यूथरन कार्य १७०६ मध्ये तरंगमबाडीला सुरू झाले आणि ते मुख्यतः तमिळनाडू, आंध्र, छोटा नागपूर आणि मध्य प्रदेशात रुजले. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांना हा वर्षक्रम मोठेपणी, दुसऱ्या मंडळीत गेल्यावर शिकावा लागतो. मलाही तो तसाच शिकावा लागला.

आधी तारखा, मग विषय

काम सप्टेंबरमध्ये सुरू करावे. एका मोठ्या कागदावर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापासून ६ जानेवारीपर्यंतचे सर्व रविवार आणि सण एकाखाली एक लिहावेत. प्रत्येकासमोर वाचने, वेदीवस्त्राचा रंग, गीते, प्रभुभोजन आहे की नाही आणि जबाबदार व्यक्ती असे रकाने ठेवावेत. संपूर्ण कालावधी एका कागदावर एका नजरेत दिसणे महत्त्वाचे आहे.

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, आणि नवे उपासनावर्ष त्यानेच सुरू होते. त्याचा पहिला रविवार म्हणजे ३० नोव्हेंबरला, अर्थात संत अंद्रियाच्या दिवसाला, सर्वांत जवळचा रविवार. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आणि २०२७ मध्ये २८ नोव्हेंबरला आहे. नाताळ कोणत्या वारी येतो त्यावर आगमनकाळाची लांबी ठरते: नाताळ रविवारी आला तर पूर्ण चार आठवडे मिळतात, सोमवारी आला तर चौथा आगमन रविवार आणि नाताळची पूर्वसंध्या एकाच दिवशी येतात. २०२८ मध्ये असेच होणार आहे. अशा वर्षी सकाळी आगमनचक्राची (दर आगमन रविवारी एकेक मेणबत्ती लावायच्या चक्राची) चौथी मेणबत्ती आणि मरीयेचे गीत, संध्याकाळी पांढरे वेदीवस्त्र आणि लूक २, असा एकाच दिवसात पालट करावा लागतो. सजावट करणाऱ्यांना त्याची कल्पना दोन महिने आधीच द्यावी.

अमेरिकेतील मंडळ्यांनी आणखी एक तारीख पाहावी. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असते. तो गुरुवार २४ ते २८ तारखेदरम्यान आला, तर लगेचचा रविवार हाच पहिला आगमन रविवार असतो आणि त्या दिवशी निम्मी गायकमंडळी गावी गेलेली असते. गायनवृंदाचे अवघड गीत त्या रविवारी ठेवू नये. सर्वांना पाठ असलेले एखादे आगमनगीत निवडावे.

वाचनांसाठी बहुतेक ल्यूथरन मंडळ्या १९९२ ची रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी, म्हणजे रविवारच्या शास्त्रवाचनांचा सामाईक क्रम, वापरतात. तिचे तीन वर्षांचे चक्र आहे: अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक, आणि योहान तिन्ही वर्षांत विखुरलेला. २०२६ च्या आगमनकाळात ब वर्ष सुरू होईल, २०२७ मध्ये क. म्हणजे आपल्या तक्त्यातला नोव्हेंबर एका वर्षाचा आणि डिसेंबर दुसऱ्या वर्षाचा असतो. वाचने उतरवून घेताना सर्वांत जास्त चुका इथेच होतात. जर्मनीतील मंडळ्यांचा वाचनक्रम वेगळा आहे, त्यात शुभवर्तमानाचे वाचन दरवर्षी तेच असते. पहिल्या आगमन रविवारी तेथे येशूचा यरुशलेमेतील प्रवेश वाचतात, जो आपल्याला झावळ्यांच्या रविवारचा म्हणून माहीत असतो. जो येणार आहे तो कशासाठी येणार आहे, हे त्या एका वाचनातून सांगून होते.

धर्मसुधारणा दिन आणि सर्व संतांचा दिवस

हे दोन दिवस वेगळे समजू नयेत. ३१ ऑक्टोबर १५१७ ही तारीख मार्टिन ल्यूथरच्या ९५ प्रबंधांशी जोडलेली आहे, आणि ती सर्व संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या आहे. विटेनबर्गच्या किल्ल्यातील चर्च सर्व संतांच्याच नावाने होते आणि तेथे पवित्र अवशेषांचा मोठा संग्रह होता. माणसाला क्षमा पैशाने किंवा पुण्यसंचयाने मिळत नाही, ती देवाची देणगी आहे, हा मुद्दा संतांच्या सणाच्या तोंडावर उभा राहिला. म्हणून पहिल्या रविवारी कृपेने मिळणाऱ्या नीतिमत्त्वाविषयी बोलावे आणि पुढच्या रविवारी त्याच कृपेने जगलेल्या आणि मरण पावलेल्या आपल्या माणसांची नावे घ्यावीत. या क्रमात एक सरळ अर्थ आहे.

धर्मसुधारणा रविवारचा रंग लाल, म्हणजे पवित्र आत्म्याचा. वाचने ठरलेली आहेत: यिर्मया ३१:३१-३४, स्तोत्र ४६, रोमकरांस पत्र ३:१९-२८ आणि योहान ८:३१-३६. स्तोत्र ४६ वरून ल्यूथरने रचलेले गडाचे गीत जवळपास सर्वत्र गातात. मात्र हा दिवस दुसऱ्या मंडळीवर मात केल्याचा दिवस म्हणून साजरा करू नये. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे ल्यूथरन आणि रोमन कॅथोलिक प्रतिनिधींनी नीतिमान ठरवले जाण्याच्या सिद्धान्तावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी स्वीडनमधील लुंड येथे पोप फ्रान्सिस ल्यूथरन नेत्यांबरोबर प्रार्थनेला उभे राहिले. प्रार्थनेत गावातील कॅथोलिक मंडळीचे नाव घेऊन तिच्यासाठी विनंती करावी, असे मला मनापासून वाटते.

सर्व संतांचा दिवस १ नोव्हेंबरला किंवा त्यानंतरच्या रविवारी पाळतात, रंग पांढरा. गेल्या वर्षभरात निवर्तलेल्या सभासदांची नावे वाचायची, प्रत्येक नावानंतर घंटेचा एक ठोका आणि एक मेणबत्ती. वसईत आणि गोव्यात २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की ल्यूथरन उपासनेत मृतांच्या सुटकेसाठी विनंती नसते, त्यांच्या जीवनाबद्दल उपकारस्तुती आणि पुनरुत्थानाची आशा असते. शक्य असल्यास त्याच दिवशी बाप्तिस्मा ठेवावा. त्या वर्षात बाप्तिस्मा झालेल्यांची नावेही वाचली, तर संत म्हणजे कोण हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नावांच्या यादीला फार जपावे. एका वर्षी ती यादी करण्याचे काम माझ्याकडे होते आणि मी फक्त मंडळीच्या नोंदवहीवरून ती केली. एका बाईंचे यजमान दुसऱ्या राज्यात मुलाकडे असताना वारले होते, अंत्यविधीही तिकडेच झाला होता, त्यामुळे नोंद नव्हती. शेवटचे नाव वाचून झाले तरी त्या मेणबत्त्यांकडे पाहत होत्या. उपासनेनंतर मी त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागितली आणि पुढच्या रविवारी ते नाव घेतले. पण ती सकाळ परत आणता आली नाही. तेव्हापासून आम्ही दोन रविवार आधी कच्ची यादी मागच्या दाराजवळ लावतो, शेजारी पेन ठेवतो, आणि पाळक उपासनेच्या दिवशीही विचारतात की कोणाचे नाव राहिले आहे का. उच्चार आधी कुटुंबीयांना विचारून घ्यावेत. मराठी नावे परभाषक वाचणार असतील, तर त्यांना आवाज मुद्रित करून पाठवणे उत्तम.

वर्षाचे शेवटचे रविवार

नोव्हेंबरच्या मध्याला रंग पुन्हा हिरवा होतो, पण वाचने गडद होत जातात. अ वर्षी मत्तयाचा पंचविसावा अध्याय सलग तीन रविवार येतो: दहा कुमारींचा दाखला, चाकरांना दिलेल्या धनाचा दाखला, मेंढरे आणि शेरडे. ब वर्षी मार्क १३ मधील मंदिर पाडले जाण्याचे भविष्य, क वर्षी लूक २१ मधील तेच. या वाचनांना घाबरून पुष्कळ मंडळ्या नोव्हेंबर महिना देणग्यांच्या आवाहनात घालवतात. ते टाळावे. अंधार लवकर पडू लागलेला असतो, घराघरांत आजारपणे असतात, आणि शेवट जवळ आला तरी देव सोडून जात नाही, हे ऐकण्याची लोकांना तेव्हाच गरज असते.

या रविवारांसाठी ल्यूथरन परंपरेत एक मोठे गीत आहे. फिलिप निकोलाय हा पाळक जर्मनीतील उना गावी असताना प्लेगने माणसे मरत होती, आणि त्याने दहा कुमारींच्या दाखल्यावरून पहारेकऱ्याच्या हाकेचे गीत लिहिले. ते १५९९ मध्ये छापले गेले. मरणाच्या छायेत त्याने लग्नाच्या वरातीचे गीत लिहिले. १७३१ मध्ये संगीतकार बाखने त्यावर आपली प्रसिद्ध कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची उपासनेतील रचना, केली. हे गीत नोव्हेंबरच्या मध्याला एकदा आणि पहिल्या आगमन रविवारी पुन्हा गावे. दोन्ही वर्षांचा सांधा त्याने आपोआप जोडला जातो.

जर्मनीत आगमनापूर्वीचा शेवटचा रविवार मृतांच्या स्मरणाचा असतो. प्रशियाचा राजा फ्रीडरिख विल्हेल्म तिसरा याने १८१६ मध्ये तो ठरवून दिला, आणि आता त्याला सार्वकालिकतेचा रविवार असेही म्हणतात. ज्या मंडळीत ही प्रथा आहे तेथे नावे त्या दिवशी वाचावीत आणि सर्व संतांच्या दिवशी वाचू नयेत. तीन आठवड्यांत दोनदा तीच यादी वाचली की दोन्ही वेळचे वजन कमी होते. इतरत्र हा रविवार ख्रिस्त राजाचा असतो. तो पोप पायस अकरावे यांनी १९२५ मध्ये सुरू केला आणि पुढे ल्यूथरन मंडळ्यांनीही स्वीकारला. क वर्षी या दिवशी वधस्तंभावरचा येशू आणि त्याच्या शेजारचा अपराधी यांचे वाचन आहे. राजमुकुटाची सजावट करण्याआधी हे वाचन डोळ्यांसमोर ठेवावे.

आगमनकाळ

इथे सर्वांत जास्त विचार करावा लागतो, कारण बाहेरच्या बाजारात नाताळ आधीच सुरू झालेला असतो. चार रविवारांचा साचा तिन्ही वर्षी सारखाच आहे. पहिला रविवार प्रभूच्या पुन्हा येण्याचा आणि जागे राहण्याचा. दुसरा आणि तिसरा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे: दुसऱ्यात तो अरण्यात मार्ग तयार करण्याची हाक देतो, तिसऱ्यात अ वर्षी तो तुरुंगातून विचारतो की येणारा तो तूच का, ब वर्षी तो प्रकाशाची साक्ष देतो, क वर्षी लोकांना सांगतो की दोन अंगरखे असतील तर एक द्या. चौथा रविवार जन्माच्या अगदी उंबरठ्यावरचा: अ वर्षी योसेफाचे स्वप्न, ब वर्षी गब्रीएलाचा निरोप, क वर्षी मरीया आणि अलीशिबेची भेट. म्हणजे तीन रविवार मुलांच्या नाटकात कधीच नसलेल्या माणसाचे शब्द ऐकायचे किंवा आकाश हलण्याचे वर्णन ऐकायचे असते. प्रवचन करणाऱ्याने योहानाला टाळू नये.

आगमनचक्राच्या मेणबत्त्यांना आशा, शांती, आनंद, प्रीती अशी नावे देण्याची पद्धत बरीच पसरली आहे. ती वाईट नाही, पण ती मूळ प्रथेचा भाग नाही आणि वाचनांशी ती नेहमी जुळतही नाही. अ वर्षी दुसऱ्या रविवारी शांतीची मेणबत्ती लावून लगेच योहान लोकांना सापाच्या पिल्लांनो म्हणताना ऐकले की ऐकणारा गोंधळतो. हे चक्र योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९ मध्ये हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी चालवलेल्या राउहेस हाउस या संस्थेत प्रथम टांगले: गाडीचे एक चाक, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि इतर दिवसांच्या लहान लाल मेणबत्त्या. नाताळ किती दिवसांवर आला हे मुलांना रोज पाहता यावे, एवढाच हेतू होता. म्हणून माझी शिफारस अशी की मेणबत्ती लावताना लांबलचक वाचन ठेवू नये. एका कुटुंबाने त्या दिवसाच्या संदेष्ट्याच्या वाचनातील एक ओळ म्हणावी आणि मंडळीने इम्मानुएलाच्या जुन्या गीताचे एक कडवे गावे. त्या गीताची कडवी १७ ते २३ डिसेंबरच्या सात प्राचीन प्रतिगीतांवरून आलेली आहेत, त्यामुळे ती चार रविवारांत वाटून घेता येतात. चारही मेणबत्त्या निळ्या किंवा चारही जांभळ्या ठेवाव्यात. निळा रंग आशेचा आणि पहाटेपूर्वीच्या आकाशाचा, जांभळा पश्चात्तापाचा. समितीने एक निवडावा आणि वेदीवस्त्र व मेणबत्त्या यांत तोच ठेवावा.

या काळात उपासनेतून देवदूतांचे स्तुतिगीत, म्हणजे ग्लोरिया, काढून ठेवतात. हालेलुया मात्र राहते. उपवासकाळात तसे नसते, आणि हा फरक गायनवृंदाला नीट सांगावा. ग्लोरिया का काढतात हे मंडळीला पहिल्या रविवारीच सांगितले पाहिजे: ते गीत बेथलेहेमच्या शेतात प्रथम गायले गेले, म्हणून ते नाताळच्या पूर्वसंध्येसाठी राखून ठेवले आहे. सांगितले नाही तर लोकांना वाटते की पत्रिका छापताना चूक झाली.

नाताळची गीते कधीपासून गावीत, यावर दरवर्षी समितीत मतभेद होतात. बाखच्या काळात लाइपझिगमध्ये पहिल्या आगमन रविवारनंतर थेट नाताळापर्यंत चर्चमध्ये कँटाटा होत नसे. इतकी शिस्त आज कोणी पाळणार नाही आणि पाळावी असेही मी म्हणत नाही. पण आगमनाची स्वतःची गीते भरपूर आहेत: ल्यूथरने अँब्रोजच्या लॅटिन गीतावरून १५२४ मध्ये केलेले, गेओर्ग वाइसेलचे दारे उघडण्याचे, पाउल गेऱ्हार्टचे स्वागताचे. पहिले तीन रविवार ही गीते गावीत. चौथ्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी एखादे सौम्य नाताळगीत चालेल. मुलांचे नाटक चौथ्या रविवारी उपासनेच्या मधोमध न ठेवता दुपारी किंवा पूर्वसंध्येच्या पहिल्या उपासनेत ठेवावे. अ वर्षी योसेफाचे स्वप्न वाचण्याची ही एकच वेळ असते आणि ती मेंढपाळांच्या गडबडीत हरवू नये.

आठवड्याच्या मध्यावर, बहुधा बुधवारी, साधी सायंप्रार्थना ठेवता आली तर फार उपयोग होतो. आधी सूप आणि पाव, मग अर्धा तास: एक स्तोत्र, एक वाचन, शांतता आणि मरीयेचे गीत. त्या गीतावर ल्यूथरने १५२१ मध्ये सविस्तर विवेचन लिहिले. देव खाली पाहतो, दीनांकडे पाहतो, हा त्याचा गाभा आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास शोकात असलेल्यांसाठी वेगळी शांत उपासना अनेक मंडळ्या करतात. त्या दिवशी सर्व संतांच्या दिवशी ज्यांची नावे वाचली त्यांच्या घरी आठवणीने फोन करावा. नोव्हेंबरचा तक्ता इथे पुन्हा कामी येतो.

नाताळची पूर्वसंध्या आणि दिवस

पूर्वसंध्येला वर्षातून एकदाच येणारी माणसे येतात. उपासना त्यांच्यासाठी सोपी असावी: सर्व उत्तरे छापलेली, उठणे-बसणे स्पष्ट सांगितलेले, प्रभुभोजनाला कोण येऊ शकते हे एका वाक्यात लिहिलेले. वाचने यशया ९:२-७, तीताला पत्र २:११-१४ आणि लूक २:१-२०. लूकाचे वाचन नाट्यमय करण्याची गरज नाही. चांगल्या वाचकाने सावकाश वाचावे. मंडळीत मराठी किंवा इतर भाषक असतील, तर देवदूताचे शब्द त्या त्या भाषेत वाचून घ्यावेत. पवित्र शास्त्र लोकांच्या भाषेत असावे हा ल्यूथरन परंपरेचाच आग्रह आहे, आणि भय धरू नका हे शब्द स्वतःच्या भाषेत ऐकताना मी मोठ्या माणसांचे डोळे भरलेले पाहिले आहेत.

शेवटच्या गीताच्या वेळी हातातल्या मेणबत्त्या पेटवतात. यासाठी चार नियम छापावेत आणि तोंडीही सांगावेत. पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची, न पेटलेली वाकवायची. प्रत्येकीला कागदी चकती असावी. लहान मुलांना बॅटरीवरची मेणबत्ती द्यावी. स्वयंसेवकांनी अग्निशामक आणि पाण्याची बादली घेऊन दोन्ही बाजूंना उभे राहावे. दिवे कोण आणि कोणत्या कडव्याला मालवणार हे आधी एकदा प्रत्यक्ष करून पाहावे.

नाताळच्या दिवशी सकाळी माणसे थोडी असतात, पण वाचन सर्वांत मोठे असते: योहान १:१-१४. गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, शब्द देही झाला एवढेच. या उपासनेत सजावट वाढवण्यापेक्षा प्रभुभोजन निवांत करावे.

पुढचे बारा दिवस

बाखचा नाताळ ऑरेटोरिओ १७३४ च्या नाताळापासून १७३५ च्या एपिफनीपर्यंत सहा वेगवेगळ्या दिवशी गायला गेला. नाताळ किती लांब असतो हे त्यावरून कळते. त्यातले पहिले कोरल, म्हणजे मंडळीगीत, गेऱ्हार्टच्या आगमनगीताचे शब्द घेते आणि आज आपण ज्या चालीवर ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे गीत गातो, त्या चालीवर गाते. २६ डिसेंबर स्तेफनाचा, २७ प्रेषित योहानाचा, २८ हेरोदाने मारलेल्या बालकांचा. रोज उपासना शक्य नसते. पण अ वर्षी नाताळनंतरच्या रविवारी मिसरात पलायन आणि बालकांची हत्या हेच वाचन येते, तेव्हा ते गाळून नुसता गीतांचा कार्यक्रम करू नये. गीते गावीत, आणि निर्वासितांसाठी प्रार्थना करावी.

३१ डिसेंबरची वॉचनाईट उपासना मराठी मंडळ्यांत चांगली रुजलेली आहे, आणि तिची सवय असलेल्यांनी ती ल्यूथरन मंडळीतही मागून घ्यावी. डीट्रिख बोनहोफर या ल्यूथरन पाळकाने १९४४ च्या डिसेंबरमध्ये नाझी तुरुंगातून लिहिलेली कविता जर्मन मंडळ्यांत वर्ष सरताना गातात. १ जानेवारी हा येशूच्या नामकरणाचा दिवस, वाचन लूक २:२१ पर्यंत.

६ जानेवारीला मागी लोकांचे वाचन, मत्तय २:१-१२, झाले की आगमनचक्र आणि गोठा उतरवावा. त्याच संध्याकाळी समितीने तो मोठा कागद पुन्हा टेबलावर पसरावा आणि आठवण ताजी आहे तोवर प्रत्येक रकान्यात पेन्सिलीने लिहून ठेवावे: किती मेणबत्त्या लागल्या, कोणते गीत लोकांना जमले नाही, कोणाचे नाव राहिले, पूर्वसंध्येला कोण नवे आले आणि त्यांना कोण भेटायला जाणार आहे.